म्हाळसाची शून्य पावलं

कवठे येमाईच्या शिवारात, पोरं विहिरीत उड्या कशा मारतात याचा फोटो काढायला सुदर्शन मागे मागे सरकला आणि स्वतःच विहिरीत पडला. पुण्याहून तो मुलांची रोजची हालचाल मोजायला आला होता. स्वतःची एवढी हालचाल त्यानं धरली नव्हती. त्यातून पोहण्याच्या नावानं आनंद.

काठावर तेरा वर्षांची म्हाळसा होती. तिनं आधी कमरेचा पट्टा सोडला, नीट गुंडाळून बाभळीला अडकवला आणि मग सूर मारला. तोवर सुदर्शन दोनदा पाणी प्याला होता.

"आधी पट्टा कशाला सोडत बसलीस?" वर आल्यावर तो खोकत म्हणाला.

"भिजवायचा न्हाई म्हणून तुम्हीच बजावलंय की, सर."

बजावलं होतं खरं. पट्ट्यातलं यंत्र अंगाला बसणारे हादरे मोजायचं, पण पाणी त्याला चालत नसे. आठवडाभरात जिची हालचाल सगळ्यांत जास्त, तिला पुण्याच्या शिबिरात जागा. शिबिर पोहण्याचं. म्हाळसाचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. निम्म्या गावाची पोरं पाठीला रिकामा कॅन बांधून तिच्याच हाताखाली पोहायला शिकलेली. सुट्टीत आईला तिला जेवायला बोलवायचं तर विहिरीत वाकून हाक मारावी लागे.

आकडे आले. म्हाळसाच्या नावापुढे 'बैठी'. पहिली आली मोनाली. ही मोनाली आठवडाभर चुलत्याच्या ट्रॅक्टरवर बसून, वेफर्स खात, कांद्यासोबत शिरूरच्या मार्केट यार्डात जाऊन येत होती. खड्ड्यांनी दिलेले हादरे यंत्रानं इमानदारीत तिच्या नावावर लिहिले. एरवी दोन पायऱ्या उतरायच्या तरी ती भिंत धरते. तिच्या आईनं पेढे वाटले. सुदर्शनला पेढा गिळवेना. पुण्यातल्या आपल्या साहेबांच्या हातापाया पडून त्यानं एका फेरमोजणीची परवानगी आणली आणि विहिरीपासून चांगला दहा हात लांब उभा राहून म्हाळसाला हाक मारली.

"हे बघ, पुन्हा आठवडाभर पट्टा बांधायचा. फक्त पाण्यात अजिबात उतरायचं नाही. पोहायच्या शिबिराला जायचंय ना तुला?"

म्हाळसानं ओली वेणी पिळली.

"पाण्याला न शिवता पवणारी मोनाली हाय की, तिलाच न्या."