खालची ओळ

"काय हो नाना, तुमच्याकडं कुणी विसरतच नाही वाटतं?"

आरोग्य खात्याच्या नव्या डॉक्टरीणबाई वर्षभराच्या मृत्यूंचा तक्ता पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"विसरतात की बाई. माझा चष्मा मीच रोज हुडकतो."

"चष्म्याचं सोडा. हृदयविकार पहिला, मेंदूचा झटका दुसरा, फुप्फुसं तिसरी. स्मृतिभ्रंशापुढं भोपळा. घराघरात कोंडलेली म्हातारी माणसं मी बघून आलेय. ती काय अमर आहेत?"

नाना चोवीस वर्षं मृत्युनोंदणीच्या खिडकीत बसलेला कारकून. डॉक्टरांच्या दाखल्यावर दोन ओळी असतात. वर, शेवटी जीव कशानं गेला. खाली, मुळात कुठल्या दुखण्यानं तिथवर आणलं. मोजायची असते खालची. नाना वरचीच उतरवायचा. माणसं खिडकीत वाकून कुजबुजायची, "खालचं तेवढं राहू द्या, घरात वेड आहे म्हणतील." नाना म्हणायचा, "बरं."

बाईंनी गठ्ठ्यातला एक दाखला ओढला. वर न्यूमोनिया, खाली स्मृतिभ्रंश. वहीत नुसता न्यूमोनिया.

"हे कुणी झाकायला सांगितलं?"

नानाची मान खाली गेली. "कुणी नाही. ती माझी आई."

बाईंनी दाखल्यावरचं नाव वाचलं. मग नानाच बोलला.

"पाच वर्षं मला पोस्टमन समजायची. 'पोराचं पत्र आलं का हो?' म्हणायची. पाहुणे आले की मी तिला आतल्या खोलीत घालून कडी लावायचो. बहिणीकडं गेलीय म्हणून सांगायचो. शेवटी घास श्वासनळीत गेला, छाती भरली. तेव्हाही कडी लावलेलीच होती, बाई. दुखणं म्हणून लिहिलं असतं, तर दुखणाइताला कुणी कोंडतं का, असं स्वतःलाच विचारावं लागलं असतं."

सांगताना तो खिडकीकडं पाठ करून बसला होता. बाहेरच्या रांगेला ऐकू जाऊ नये, एवढीच धास्ती.

समजूत काढायच्या फंदात बाई पडल्या नाहीत. वही त्याच्याकडं सरकवून म्हणाल्या, "दुरुस्तीवर सही मी करते. लिहिता?"

नानानं लिहिलं. अक्षर चोवीस वर्षांत कधी आलं नव्हतं इतकं वेडंवाकडं आलं. बाईंनी सही ठोकली.

"आणि बाकीचे?"

"दाखले सगळे फडताळात आहेत."

नाना उठला, जानेवारीचा गठ्ठा काढून आणला, दोरी सोडली आणि बोटाला थुंकी लावून पहिला दाखला उलटला.