बंबात गेलेलं पुस्तक

परवा घोडेगावात नणंदेकडे बंबात रद्दी जळत होती. त्या वासानं मी थेट डिंगोऱ्याच्या माहेरच्या अंगणात जाऊन पोचले.

एम.ए.ला मी धर्मांचा अभ्यास घेतला होता. बायबलची ओळख करून देणारं पुस्तक हवं होतं, म्हणून माझे वडील, अण्णा, पुण्याच्या दुकानात बरोबर आले. जाडजूड ग्रंथ बाजूला सारून त्यांनीच सोपं, नकाशांचं पुस्तक निवडलं. "हे तुला कळंल," म्हणाले. सुट्टीत घरी आल्यावर आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ते वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं ते माझ्या हातातून ओढलं. "बाटायचंय का तुला? गावात तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायची!"

"परीक्षेचं पुस्तक हाय रे ते! अण्णा, सांगा ना त्याला!"

दादानं पुस्तक बंबाच्या जाळात कोंबलं. पानं आधी पिवळी पडली, मग काळी. अण्णा खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते.

"पाणी तापलं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हा कितीतरी महिने मी दादाशी बोलले नाही. आज त्याचा राग उरलेला नाही. न वाचताच तो घाबरला होता. अण्णांनी मात्र ते वाचलं होतं, आणि ते आंघोळीला गेले.