पोटातलं यंत्र आणि आक्काचं माडगं

साखरेच्या आजाराने माझ्या पोटाच्या नसा मंदावल्या आणि खाल्लेलं खाली सरकेना. सतत मळमळ, दिवसातून आठ-दहा उलट्या. पाटणजवळच्या आमच्या गावात एकाने डोहाळे कसले लागलेत म्हणून विचारलं. त्याच्याशी मी अजून बोलत नाही. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस मी, साधी पेज टिकत नाही हे सांगायची लाज वाटायची. आक्काला तर अजिबात सांगितलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण, आटपाडीला दिलेली. त्याच सुमारास तिने वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा मागितला आणि मी तो खुशीने दिला. पण नंतर दोनदा तिच्याकडे गेलो, आणि दोन्ही वेळा वाटेत जेवलोय अशी थाप मारून ताट सरकवलं. बहिणीच्या घरचं अन्न नाकारल्यावर तिने काय समजायचं? तिने तेच समजलं. तिचे फोन यायचे थांबले. खरं सांगून टाका, असं बायको म्हणायची. मी तिच्यावरच खेकसायचो.

शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाच्या कातडीखाली साबणाच्या छोट्या वडीएवढं यंत्र बसवलं. त्याच्या दोन तारा जठराला विजेचे बारीक झटके देत राहतात. मला ते जाणवतही नाहीत. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आजारही मुळापासून जात नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. मला गुण आला. तिसऱ्या महिन्यात उलटी आठवड्यातून एखादीच व्हायला लागली. इतकं हलकं वाटलं की सरळ एसटीत बसून आटपाडी गाठली.

आक्काने पाणी दिलं, चहा दिला. जेवणवेळ झाली तरी जेवतोस का म्हणून विचारलं नाही. ते मला फार लागलं.

"आक्का, भूक लागलीया. वाढ की."

ती जागची हलली नाही. मग मी सदरा वर करून व्रण दाखवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"म्हंजी जमिनीचा राग न्हवता व्हय तुला?"

"कवाच न्हवता."

तिने हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं. मी वाटीभर सावकाश प्यालो. ते आत राहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मग उठून तिने ट्रंकेतून एक कागद काढला.

"तुजी जमीन परत करायला लिवून ठिवलं हुतं रं," ती म्हणाली.

मी तो घेऊन चुलीत घातला. ती रडायला लागली, आणि रडत रडतच तिने माझ्या वाटीत आणखी माडगं ओतलं.