थप्पीवर न पडलेलं पोतं

आमच्या तांड्यातल्या निताचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. पाणी, भाकरी, मग तांड्यावरून शिरड शहापूरपर्यंत पायी, आणि पहिल्या गाडीनं औंढ्याला. तिथे विश्वंभरच्या टायपिंगच्या दुकानात ती आठ तास बसते. मी चाळीस वर्षं वसमतला हळदीची पोती वाहिली. कोण राबतं आणि कोण राबल्यासारखं दाखवतं, हे मला कळतं.

उन्हाळ्यात तिनं तांड्यातल्या सत्तावीस घरांच्या वंशावळी टाइप केल्या. जातपडताळणीला त्या लागतात. निम्मी नावं कुठल्याच कागदावर नाहीत, भिकाबाईच्या तोंडी आहेत. ऐंशी पार केलेली म्हातारी नऊ दिवस दुकानात स्टुलावर बसून नावं सांगत होती. नवव्या दिवशी निताने फाइल सेव्ह केली, मशीननं झालं म्हणून दाखवलं, आणि लगेच वीज गेली. वीज आली तेव्हा फाइलीचं नाव होतं, आकारही बराबर होता. आत एक अक्षर नव्हतं.

विश्वंभर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "झोपली व्हती का? सेव्ह काहून न्हाई केलं?"

"केलं व्हतं, भाऊ. दर पानाला केलं."

"मग उंदरानं खाल्लं व्हय?"

लोक हसले. संध्याकाळी तांड्यावर हीच बातमी होती, निता झोपली.

ती झोपली नव्हती. दुसरी नक्कल ठेवली नाही, ही तिची चूक, ती मानते. पण खरं काय झालं ते तिनं दोन दिवस शोधून मला सांगितलं.

आमच्या बाजारात पोतं थप्पीवर पडल्याशिवाय आकडा पुकारत नाहीत. डिस्क पुकारते. ती माल आधी ओसरीत, म्हणजे आपल्या वेगवान मेमरीत ठेवते आणि पोचला म्हणते. वीज गेली की ओसरी पुसली जाते. म्हणून संगणक तिला मधूनमधून हुकूम देतो, ओसरी रिकामी कर. फायली सांभाळणारी व्यवस्था कुठलाही बदल करण्याआधी तो एका वहीत टिपते, वीज गेली तर वही वाचून सावरते. पण त्या वहीत फाइलीचं नाव आणि आकार असतो, आतला माल नसतो. आणि दर सेव्हला जुनी फाइल काढून सगळी नव्यानं लिहिली जाते, म्हणून आधीच्या दिवसांची पानंही गेली.

विश्वंभरनं तो हुकूमच बंद केला होता. मशीन पळावी म्हणून सेटिंगमध्ये टिक मारलेली. तिथेच इशारा लिहिलेला, विजेची वेगळी सोय नसेल तर हे निवडू नका. दुकानात साधी बॅटरीसुद्धा नव्हती.

निताने त्याला तो इशारा दाखवला.

"एवढं बारीक कोण वाचतं?" तो म्हणाला.

"टायपिंगच्या दुकानात वाचावं लागतं, भाऊ."

त्यानं टिक काढली. शब्द मागे घेतला नाही, नऊ दिवसांची मजुरीही दिली नाही. चूक त्याची आणि नाव हिचं खराब, हा कुठला न्याय?

भिकाबाई पुन्हा आली. "पोरी, माझे मेलेले पुन्यांदा उठवायचे व्हय?" म्हणत स्टुलावर बसली. सगळं परत सांगितलं. दोन नावं मात्र आठवली नाहीत. एका घराची वंशावळ तिथेच तुटली, आणि त्या घरचा अर्ज परत आला.

दुसऱ्या वेळची मजुरी निताला मिळाली. त्यातून तिनं बॅटरी घेतली. ती विश्वंभरच्या टेबलाखाली, विश्वंभरच्या मशीनला लावलेली आहे.