पाळीचं भाषांतर

‘पाळी’ या साध्या शब्दाचा मी चुकीचा अर्थ लावला, आणि त्या चुकीवर भिवंडीत तीन वर्षं एक परदेशी मदतीचा कार्यक्रम चालवला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — माझ्या बाकीच्या सगळ्या चुका तिला तोंडपाठ आहेत, ही एवढी एकच तिच्यापासून वाचवून ठेवली होती. आता तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. समाजकार्याची पदवी घेऊन मी नुकताच बाहेर पडलो होतो. रोज कल्याणहून यायचो, वाटेतलं कोनगाव ओलांडलं की शर्टाची कॉलर नीट करायचो. भिवंडीच्या कामतघर भागात युरोपातल्या एका संस्थेच्या मदतीनं आई-मुलांसाठी मोफत दवाखाना चालायचा. सकाळी दहा ते एक. मंगळवारी लहान मुलांना लस. डॉक्टर चांगले, नर्सबाई प्रेमळ, औषधं फुकट — आणि बाकं रिकामी. बायका का येत नाहीत, हे शोधायला मला नेमलं.

फॉर्म घेऊन मी चाळी पालथ्या घातल्या. तिथल्या पुष्कळ बायका कारखान्यात कांड्या भरायच्या — मागाच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. दवाखान्यात का येत नाही, असं विचारलं की एक म्हणायची, “पाळी असते ना.” दुसरी म्हणायची, “पाळी हाय, कशी येनार?” तिसरीचंही तेच. मी पंचविशीचा, बिनलग्नाचा. कान लाल झाले. पुढचा प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही. मान खाली घालून लिहून घेतलं, आणि अहवालात ऐटबाज इंग्रजीत मांडलं — मासिक पाळीच्या विटाळामुळे इथल्या स्त्रिया दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

तुम्ही म्हणाल, ज्या गावात दिवसरात्र मागांची खटखट चालते, तिथं पाळी म्हणजे शिफ्ट हे कळू नये? नाही कळलं. माझे वडील कचेरीत कारकून, त्यांना फार तर ‘ऑफिस’ असायचं. आमच्या घरात पाळी हा शब्द फक्त बायकांच्या तोंडी, तोही दबक्या आवाजात. पण रोजच्या रोज सगळ्यांची पाळी कशी असेल, एवढंही मनात येऊ नये? नाही आलं. पदवीत तो विषय नव्हता.

संस्था भारावली. असं धाडसी निरीक्षण आजवर कुणी केलं नव्हतं म्हणे. (खरंच होतं ते.) कार्यक्रम नव्यानं आखला गेला — चित्रांचे तक्ते, व्याख्यानं, आणि मी समन्वयक. तक्ते हातात धरून मी उभा राहायचो, बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि ‘संकोच मोडू लागला आहे’ असं मी लिहायचो. दवाखाना मात्र दहा ते एकच. कारण अडचण वेळेची नव्हती ना — अडचण विटाळाची होती.

सहा महिन्यांनी एका मंगळवारी सुशीला आली. कांडीवाली, भीमनगरातली, काखेत चार महिन्यांची मंगल. आज कसं जमलं, म्हणून नर्सबाईंनी विचारलं.

“माझ्याबरोबरच्या नूरजहाँला पाळी दिली ना माझी,” सुशीला म्हणाली. “तिची मी घेतली.”

मागून नूरजहाँची सासू ओरडली, “और कल फिर बदलना मत हां, मुकादम चिल्लाता है!”

मी तक्ता हातात घेऊन उभा होतो. माणूस पाळी देतो? बदलून घेतो? — आणि मग टाळक्यात प्रकाश पडला. बहुतेक बायकांची पाळी सात ते तीनची. त्या वेळात उघडा दवाखाना. एवढंच होतं.

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहायला हवं होतं. माझं चुकलं, दवाखाना चार वाजता उघडा — दोन ओळी. मी लिहायला बसलोही. पण दुसऱ्या टप्प्याची मंजुरी आलेली होती, त्यात माझ्या निरीक्षणाचं नावानिशी कौतुक होतं. हसतील, या भीतीनं मी गप्प बसलो. भीती एवढीच. नोकरी गेली असती असंही नाही.

पुढे मुकादमानं पाळ्या बदलायला बंदी केली. मंगल नऊ महिन्यांची झाली, गोवराची लस द्यायची होती. रविवारी सुशीला मला रस्त्यात भेटली. “सर, डोस संध्याकाळी देनार का? तीनला सुटते मी.” नर्सबाई थांबायला तयार होत्या. फक्त संस्थेला वेळ का बदलली ते कळवायचं होतं. मी काय म्हणालो? “वेळ ठरलेली असते, बाई.” सगळं माहीत असून म्हणालो.

गोवर त्याच उन्हाळ्यात आला. मंगल वाचली. पण कान वाहायला लागला तो थांबेना, आणि उजव्या कानानं तिला ऐकू येईनासं झालं. लस मिळाली असती तर हे टळलं असतं का? डॉक्टर म्हणाले, बहुतेक. तो ‘बहुतेक’ मी कुठल्याच अहवालात घातला नाही.

तिसऱ्या वर्षी संस्थेच्या एक बाई पाहणीला आल्या. कार्यक्रम इतका टिकला कसा, हे त्यांना ऐकायचं होतं. कारखान्याला सुट्टी होती, म्हणून बाकं भरली होती. सुशीला पुढेच, मंगल मांडीवर. बाईंनी इंग्रजीत विचारलं, मी मराठीत सांगितलं — ह्या कार्यक्रमातून तुम्हाला काय मिळालं?

सुशीला म्हणाली, “बाईंना सांगा, डोसाची येळ संध्याकाळची करा. पाळी सुटल्यावर. दुसरं काय नको.”

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. मी बाईंकडे वळलो आणि सांगितलं — ती म्हणते, आता तिला स्वतःच्या शरीराची लाज वाटत नाही, ती मोकळी झाली. चांगली चार-पाच वाक्यं झाली. बाईंचे डोळे भरून आले. त्या उठल्या, सुशीलाला त्यांनी मिठी मारली, आणि गाडीकडे गेल्या.

सुशीला पदर सारखा करत माझ्याजवळ आली. “काय म्हनाल्या? बदलनार येळ?”

“विचार करू म्हणाल्या.”

मंगलला दुसऱ्या काखेत घेऊन ती म्हणाली, “येळ बदला म्हटल्यावर कुनी रडतं व्हय? खरं सांगा सर — तुम्हाला इंग्रजी येत न्हाय, का मराठी?”