कडू घास

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांपुढे येते ती त्या दारात उभी असलेली आमची गाडी.

कराडजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. उसाचा पट्टा, घरटी एखादा माणूस फौजेत. अशाच एका घरातला, नुकताच पेन्शनवर आलेला मुलगा गेला. आत्महत्या होती. पंचनामा, शवविच्छेदन झालं, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. घरच्यांनी गावात मात्र हार्ट अटॅक सांगितला. गावाला खरं काय ते लगेच कळलं. अशा बाबतीत गाव आमच्या गोपनीय शाखेच्या पुढं असतं.

अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, नाव सांगेना. "बायकोनं त्याला जगू दिलं न्हाई. तिला आत घ्या," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. स्टेशन डायरीला नोंद करून मी महिला हवालदाराला बरोबर घेतलं आणि निघालो.

चौकशीत माणसं वेगवेगळी बसवायची, हा आमचा पहिला धडा. वडील सोप्यात, आई माजघरात, जतकडं दिलेली त्याची बहीण मागच्या परड्यात, आणि सून स्वयंपाकघरात हवालदारबाईंपाशी. मी विचारलेल्या तिघांचं उत्तर एकच, तो चांगला होता, काही नव्हतं. खोटं बोलणारा माणूस सहसा पाल्हाळ लावतो. ही माणसं दोन वाक्यांत थांबत होती. बहिणीचं तर पहिलंच वाक्य ऐकून मी फोनवरचा आवाज ओळखला, पण बोललो नाही.

तेवढ्यात हवालदारबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, सून म्हणतीय, गुन्हा माझ्यावरच लिवा आन् मला घेऊन चला. हितं माझ्याच जिवाचा मला भरवसा न्हाई." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. घरात कालपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं.

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. भावकी भाकरी-पिठलं घेऊन येते आणि समोर बसून खायला लावते. त्याला कडू घास म्हणतात. इथं तो कुणी आणलाच नव्हता. अशा मरणाच्या घरी जायला माणसं आधीच बिचकतात, त्यात काल पंचनाम्याला आणि आज चौकशीला दारात पोलीस गाडी. पंच आणि साक्षीदार व्हायची हौस कुणाला असते? मी ड्रायव्हरला गाडी चावडीपाशी न्यायला लावली. शेजारी चुलत्याच्या घरी स्वतः गेलो आणि सांगितलं, चौकशीचं आम्ही बघतो, तुम्ही भाकरी घेऊन या.

मग मी माझाच धडा मोडला. सगळ्यांना सोप्यात एकत्र बसवलं, सुनेलाही. विचारलं, त्याचं काही वेगळं कुणाला जाणवलं होतं का?

 सून म्हणाली की त्याला झोप लागत नव्हती, डॉक्टरला दाखवू असं ती सासऱ्यांना म्हणाली होती. वडिलांनी मान खाली घातली. "मीच म्हनलो, फौजी गडी हाय, त्याला येडा ठरवताय व्हय?" बहिणीला त्यानं फोन केला होता, आई-आबांकडं लक्ष ठेव म्हणाला होता. तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. हे सांगता सांगता ती रडायला लागली. "साहेब, सकाळचा फोन माझाच हाय."

थोडं थोडं प्रत्येकाला दिसलं होतं, आणि आपल्यामुळंच तो गेला या भीतीनं जो तो गप्प होता. मी त्यांना सांगितलं, हा कुणा एकाचा दोष नाही. मग सुनेला सर्वांदेखत सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतोय का?" तिनं होकारार्थी मान हलवली.  बहीण उठून तिच्याजवळ गेली.

तोवर चुलती टोपली घेऊन दारात आली होती. पहिला घास बहिणीनं भावजयीला भरवला.  पुढं बहीण महिनाभर राहिली, सुनेला कधी एकटं सोडलं नाही, कराडला मानसोपचार डॉक्टरांकडं सोबत गेली. वडीलही त्या डॉक्टरांकडं जाऊ लागले. गुन्हा काही निष्पन्न झाला नाही. प्रकरण मिटलं.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. असा प्रश्न सरळ विचारल्यानं कुणाच्या मनात मरण शिरत नाही, आत कोंडलेलं बाहेर येतं. आणि मागं राहिलेल्यांना जपणं हे घराचं आणि भावकीचं काम आहे, ते आमच्या ठाण्याला जमणारं नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी शेजारच्या गावात तसंच एक मरण झालं. मी पंचनाम्याला पोहोचलो. दुरून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन येताना दिसली. जवळ आल्यावर ओळखलं, तीच सून. तिनं मला नमस्कार केला आणि म्हणाली,

"साहेब, गाडी जरा लांब लावा. मानसं यायची हायत."