नऊ शाखा, एक फाइल

कोमांग वार्सिकीला आमच्या रक्तपेढीत सगळे म्बोक म्हणतात, म्हणजे ताई. ती पिशव्यांवरची लेबलं टाइप करायला लागली तेव्हा मी शाळेत होतो. पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्याजवळ जायला कुणी धजेना, म्हणून तो तिच्या टेबलावर ठेवला. पुढची वीस वर्षं बेटावरच्या नऊही शाखांची यंत्रं तिनेच सांभाळली. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. पदवी माझ्याकडे होती, आणि तिचा मला किती माज होता हे आता सांगायला हरकत नाही.

साठ्याचा प्रोग्राम मी लिहिला. रक्ताच्या नोंदींची वही कुठल्या फोल्डरात आहे, तो पाथ, म्हणजे पत्ता, त्याच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये मी असा घातला होता: सी ड्राइव्ह, यूझर्स, आर्नावा, डेस्कटॉप, नवीन, खरंच-नवीन. आर्नावा म्हणजे मी. दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर या नावाचा माणूस नव्हता. त्यामुळे मी नवी आवृत्ती पाठवली की म्बोक स्कूटरवरून सगळ्या शाखा हिंडायची आणि प्रत्येक ठिकाणी तो पाथ हाताने बदलायची.

"तुझा डेस्कटॉप साऱ्या बेटाला दाखवून आले बरं का," ती परत आल्यावर म्हणायची. मी ते हसण्यावारी न्यायचो.

एकदा ती पोहोचायच्या आधीच उत्तर किनाऱ्यावरच्या शाखेत नवी आवृत्ती सुरू झाली. माझा फोल्डर तिथे कुठून असणार? पण मी फार हुशार! फोल्डर सापडला नाही तर नवा बनव, अशी ओळच मी लिहून ठेवली होती. प्रोग्रामने नवा फोल्डर बनवला, त्यात कोरी वही उघडली आणि पडद्यावर दाखवलं, ओ निगेटिव्ह शून्य. शेजारच्या प्रसूतिगृहात एक बाई रक्ताची वाट बघत होती. शाखेतल्या सिस्टर सुचियानींनी पडद्यावर विश्वास न ठेवता फ्रिज उघडला. आत चार पिशव्या होत्या. बाई वाचली, बाळही वाचलं.

आमचे साहेब पाक दर्मिका भडकले. "महिन्याभरात नवी यंत्रं येतायत. सगळं जकार्ताच्या कंपनीला देऊन टाकतो. कोमांग, मग तुमची जागा राहणार नाही."

चूक माझी, आणि जागा तिची! मी बोलायला तोंड उघडलं तर म्बोकनेच मला हाताने गप्प केलं.

"महिना आहे ना साहेब? नवी यंत्रं आली की एकाच सकाळी एकच फाइल नऊही शाखांना पाठवते. मी कुठेही जाणार नाही. एका जरी शाखेने चुकीचा आकडा दाखवला, तर मी आपणहून घरी बसते."

"बघा हं, शब्द दिलात," साहेब म्हणाले.

ते गेल्यावर मी तिच्यावर खेकसलो, "वेड लागलंय का म्बोक? नऊ यंत्रांचे नऊ पत्ते एका फाइलीत कसे मावणार?"

"माझं माहेर उत्तरेला, सासर दक्षिणेला," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, नैवेद्याचं तबक काजाला ठेव. माहेरी ज्या बाजूला ठेवायचे, सूर्य बघून त्याच बाजूला ठेवलं. नेमकं डुकरांच्या खुराड्यापाशी!"

मी पोट धरून हसलो. काजा म्हणजे डोंगराची बाजू. डोंगर बेटाच्या मधोमध. उत्तरेच्या माणसाला तो दक्षिणेला दिसतो, आम्हा दक्षिणेकडच्यांना उत्तरेला.

"दात काय काढतोस? तूही तेच केलंस. तुझ्या घरातली दिशा सगळ्यांच्या फाइलीत लिहिलीस. फाइलीत नुसतं काजा लिही. डोंगर कुठे आहे ते ज्या त्या यंत्राला एकदाच सांगून ठेवू."

याला आमच्या पुस्तकात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. परीक्षेत त्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते. फाइलीत साठ्याच्या घराचं फक्त नाव ठेवायचं, आणि त्या नावाचा खरा पत्ता प्रत्येक यंत्राने आपल्यापाशी ठेवायचा. मी खाली मान घालून फाइल उघडली.

"आणि एखाद्या यंत्राला सांगायचं राहून गेलं तर?"

"तर त्याने जागच्या जागी थांबायचं आणि विचारायचं. तुझा प्रोग्राम विचारत नाही रे, परस्पर दुसरं घर बांधतो." ती कोऱ्या वहीची ओळ तिने मला माझ्याच हाताने पुसायला लावली.

नवी यंत्रं पोहोचतील तसं म्बोकने फोनवरूनच एकेका शाखेला आपापल्या यंत्रात तो पत्ता लिहायला लावला. ठरलेल्या सकाळी नऊही शाखा एकाच फोनवर होत्या, साहेब खुर्ची ओढून समोर बसले होते. आठ शाखांनी आकडे वाचले, आठही बरोबर. मग उत्तरेकडून सिस्टर सुचियानींचा आवाज आला, "म्बोक, चालूच होत नाहीये. लिहून आलंय, साठ्याचं घर कुठे आहे ते या यंत्राला सांगितलेलं नाही, म्हणून मी सुरू होणार नाही."

"पडलं!" साहेब म्हणाले.

"पडलं नाही साहेब, थांबलंय. खोटं बोलण्यापेक्षा थांबलंय." म्बोकचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "सिस्टर, वही डी ड्राइव्हवर साठा नावाच्या फोल्डरात आहे. सेटिंगमध्ये साठ्याच्या घरापुढे तेवढंच लिहा आणि पुन्हा चालू करा."

आम्ही वाट बघत राहिलो.

"चाललं! ओ निगेटिव्ह, सहा."

साहेब फोनवर वाकले. "पडद्यावरचं नको. फ्रिज उघडा आणि मोजा."

दार उघडल्याचा आवाज आला. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाच आहेत साहेब."

साहेबांनी तिथेच खिशातला मोबाइल काढून जकार्ताला लावला. "तुमचं काम नाही. आमचं माणूस आमच्याकडे आहे," एवढं बोलून बंद केला. म्बोकने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी उभा राहून टाळ्या वाजवायला लागलो, आणि फोनमधून नऊही शाखांच्या टाळ्या ऐकू आल्या.